शेवटून दुसरं नाव

“बट व्हाय द हँड फर्स्ट?” वेदांगने पुन्हा विचारलं.

सुहासिनीबाई खुर्चीत सावरून बसल्या. क्रॅनमर नावाच्या जुन्या इंग्रज आर्चबिशपाची, म्हणजे त्यांच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूची, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पन्नासेक वेळा सांगितली असेल. लोकांना आपल्या भाषेत प्रार्थना करता यावी म्हणून त्याने पुस्तक तयार केलं. पुढे राज्य बदललं, आणि जिवाच्या भीतीने त्याने आपलंच म्हणणं चूक असल्याचं लिहून दिलं. शेवटी जाळायला नेलं, तेव्हा ज्या हाताने ती सही केली होती तो हात त्याने आधी आगीत धरला.

“भ्याला होता ना तो,” त्या म्हणाल्या. “मोठी माणसंही भितात रे.”

दुबईतल्या त्या चर्चच्या आवारात रविवारी दिवसभर एकामागून एक मंडळ्या उपासनेला येत. सकाळी इंग्रजी, मग तमिळ, मग आणखी कोणी. मराठी मंडळीला संध्याकाळी छोटा हॉल मिळे, आणि त्याआधी पाऊण तास मागच्या खोलीत बाईंचा मुलांचा वर्ग भरे. बाई इंटरनॅशनल सिटीहून दोन बस बदलून येत. नगर जिल्ह्यातली मिशनच्या शाळेची नोकरी संपली, पती गेले, आणि त्या मुलाकडे इथे राहायला आल्या, त्याला नऊ वर्षं झाली. आठवड्याचे सहा दिवस मुलगा-सून कामावरून यायची वाट पाहण्यात जात. गुडघे कुरकुरत, बसमध्ये कधी डोळाही लागे. पण हा पाऊण तास त्यांचा स्वतःचा होता.

यंदा त्यांनी भिंतीवर एक लांबच लांब कागद लावला होता. त्याच गादीवरचा पहिला आर्चबिशप ऑगस्टीन, चौदाशे वर्षांपूर्वीचा, तिथपासून आजपर्यंतची शंभरावर नावं मुलांनी आपल्या हाताने लिहिली होती. शेवटच्या चौकटीत पहिल्यांदाच एका बाईंचं नाव आलं होतं, आणि मुलींनी त्याभोवती पिवळा सूर्य काढला होता. पुढच्या महिन्यात आखातातल्या चर्चचा कारभार पाहणारे बिशप सायप्रसहून येणार होते. त्यांच्यापुढे मुलं हा कागद घेऊन उभी राहणार होती.

मंडळीचा सेक्रेटरी अरुण वर्गापूर्वीच दारात येऊन गेला होता. माणूस भला, बाईंना गाडीतून घरी सोडणारा. शेवटून दुसऱ्या नावाबद्दल मुलांनी विचारलं तर काय सांगणार, असं त्याने चाचपडत विचारलं.

“रिटायर झाले म्हणा, मावशी. खलास. पेरेंट्स असणार, बिशप असणार. चर्चचं नाव कशाला खराब करायचं?”

बाईंनी बरं म्हणून मान हलवली होती.

आणि आता ईराने नेमकं त्याच नावावर बोट ठेवलं. ईरा दहा वर्षांची, अबोल. तिने घरी इंटरनेटवर पाहिलं होतं. “आजी, दिस वन रिझाइन्ड. बिकॉज ऑफ चिल्ड्रन. इज इट ट्रू?”

सातही मुलं बाईंकडे पाहू लागली. रिटायर हा शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला. तो उच्चारला असता तर वर्ग चालू राहिला असता, अरुणची गाडी राहिली असती. त्यांना फार थकल्यासारखं झालं.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “एक माणूस मुलांना फार वाईट छळायचा. मोठ्यांना ते कळलं होतं. पण जेवढं करायला हवं होतं, तेवढं कोणी केलं नाही. यांनीही नाही. म्हणून यांनी ती खुर्ची सोडली.”

“आय वुड टेल द पोलीस,” वेदांग म्हणाला.

“हो. तुम्ही सांगाच. ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.” बाई थांबल्या. इथे थांबता आलं असतं. “मी नव्हतं सांगितलं. माझ्या शाळेतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. बोर्डिंगचा वॉर्डन तिला त्रास द्यायचा. मी तिला म्हटलं, प्रार्थना कर, आणि बाहेर बोलू नकोस. मिशनचं नाव खराब होईल. दिवाळीच्या सुट्टीला गेली ती परत आलीच नाही.”

मग ईराने विचारलं, “व्हॉट वॉज हर नेम?”

एकतीस वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. पतींनाही बाईंनी ते नाव सांगितलं नव्हतं.

“प्रज्ञा,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी अरुणचा फोन आला. तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. दोन पालकांनी तक्रार केली होती. मुलं लहान आहेत, असलं ऐकायचं वय नाही. आता तुम्ही जरा आराम करा, मावशी, वर्ग लतिका घेईल. लतिका ही त्याची बायको. बाईंनी विचारलं, कागद बिशपांना दाखवणार ना? तो म्हणाला, बघू, इन्शाल्ला. बाईंनी वाद घातला नाही.

रविवारी त्या तरीही दोन बस बदलून आल्या आणि मोठ्यांमध्ये मागच्या रांगेत बसल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना एखादं मूल वाचत असे. त्या दिवशी पाळी ईराची होती. मराठी तिने इंग्रजी अक्षरांत लिहून आणलं होतं आणि ती अडखळत वाचत होती. आर्चबिशपांसाठी, आमच्या बिशपांसाठी. या देशाच्या शासकांसाठी. आजारी असलेल्यांसाठी. प्रत्येक ओळीनंतर मंडळी एका सुरात म्हणे, “प्रभो, आमची प्रार्थना ऐक.”

“आणि प्रज्ञासाठी,” ईराने वाचलं.

पुढच्या रांगेतल्या अरुणने हातातल्या छापील कागदावर पाहिलं, तो उलटून पाहिला. बाकीच्यांना वाटलं, कोणाची तरी नातेवाईक आजारी असेल.

“प्रभो, आमची प्रार्थना ऐक,” सगळे म्हणाले.

ईरा कागद धरून तशीच उभी राहिली. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मागच्या रांगेतून तीच ओळ म्हणणारा एकटा, घोगरा आवाज आला, आणि तो संपेपर्यंत ती थांबली.