एका पायावरची ओळख

दोष अध्यक्षांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी उगाच नशिबाला मधे ओढायला नको. मी एक टेबल बोलतोय. जे झालं ते माझ्याच अंगाला धरून झालं.

माझी सुरुवात एका कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये झाली. सागवानी फळी, चार बुटके पाय आणि अंगभर कंपासच्या टोकांनी पडलेली भोकं. मुलं माझ्यावर वाकून रेघा ओढायची, चुकली की माझ्यावरच हात आपटायची. पुढे नकाशे संगणकावर निघायला लागले आणि मला हॉलबाहेर काढलं. शिक्षण तिथेच सुटलं. फार वाईट वाटलं नाही. शिकवणारे तरी कुठे रोज काही नवं सांगत होते?

बांधकामवाल्यांच्या एका संघटनेनं मला घेतलं, सोबत चार खुर्च्याही. दर महिन्याला ठेकेदार, इंजिनिअर, फरशीवाले, नळवाले जमायचे. ओळखी व्हाव्यात, ओळखीतून कामं मिळावीत, हा हेतू. प्रत्यक्षात ज्येष्ठ मंडळी भाषणं ठोकायची आणि बाकीचे जांभया गिळायचे. तरी भाषणं संपली की माझ्याभोवती चार माणसं बसायची. कोपरं टेकायची. धंद्याचं बोलता बोलता एखादा घरचं बोलून जायचा आणि बाकीचे ऐकून घ्यायचे.

मग नवे अध्यक्ष आले. साठी उलटलेली, केस काळेभोर रंगवलेले, आणि तरुणांना काय हवं ते फक्त आपल्यालाच कळतं ही ठाम समजूत. कार्यक्रम मोकळेढाकळे हवेत, असं त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. "बसला की माणूस चिकटतो," ते म्हणाले, "उभा राहिला की मिसळतो." खुर्च्या गेल्या. माझ्या पायांना लोखंडी नळ्या जोडून मला छातीइतकं उंच केलं. एक नळी किंचित आखूड होती, पण वाकून बघतो कोण? कार्यक्रमाला नाव दिलं 'मोकळी संध्याकाळ'.

मोकळा झालो तो मी. माझ्यापाशी कुणी थांबेना. कप ठेवायचा, कार्ड द्यायचं, हसायचं आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. वळल्यावर ते हसू चेहऱ्यावरून कसं उतरतं, ते मला दिसायचं. रिकाम्या हॉलमध्येही मला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

एकच माणूस थांबायचा. नकाशे काढणारा. त्याची कंपनी बंद पडली होती आणि घरी कुणी नव्हतं. सगळे त्याला काका म्हणायचे, म्हणजे नाव विचारायची कटकट नाही. तो आला की माझ्या भोकांवरून अंगठा फिरवायचा, मग हळूच सगळा भार माझ्यावर टाकायचा. त्याचे दोन्ही गुडघे गेले होते. हे मलाच ठाऊक, कारण ते वजन मी पेलत होतो. खुर्ची मागायची सोय नव्हती. बसून करायचं काम संगणकानं नेलं होतं, उरलं होतं ते साइटवरचं. आणि ज्याला अर्धवट इमारतीचा जिना चढता येत नाही, त्याला साइटवर कोण घेणार?

एका संध्याकाळी एक ठेकेदार बाई माझ्यापाशी आल्या.

"काका, तुम्ही नकाशे तपासता म्हणे."

"तपासतो. चुकलेले असले तर भांडतोसुद्धा."

"मला भांडणाराच माणूस हवाय. आमची पोरं नकाशा उलटा धरतात आणि मला विचारतात, मॅडम, खिडकी कुठे गेली."

"खिडकी कुठे जात नाही. पोरंच भरकटतात."

बाई हसल्या. त्या हॉलमध्ये कितीतरी दिवसांनी कुणी खरं हसलं.

"रोज मजले चढावे लागतील हं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

माझ्या कडेवर त्याची बोटं आवळली गेली.

"मग सोमवारी साइटवर या, तिथेच पक्कं..."

तेवढ्यात अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. नवा खेळ. प्रत्येकानं एका पायावर उभं राहून ओळख करून द्यायची, पाय टेकला की बोलणं बंद. लांबण लावणाऱ्यांवर जालीम उपाय, असं ते म्हणाले, आणि तो उपाय त्यांनी दोन्ही पायांवर नीट उभं राहून चांगली लांबण लावून समजावला.

माणसं डुगडुगत ओळख देऊ लागली. हशा पिकला, ते मान्य करतो. मग अध्यक्षांची नजर इकडे वळली.

"चला काका, तुमची पाळी."

"माझं राहू दे. मला ओळखतात सगळे."

"अहो, असं कसं? इथे लहानमोठं कुणी नाही. आणि टेबल सोडा. टेबलाला धरलं की बाद."

त्याला नाही म्हणता आलं असतं. बाई बघत होत्या, म्हणून आलं नाही.

त्यानं माझ्यावरचे हात काढले आणि एक पाय उचलला. "मी नकाशे..." एवढंच झालं. गुडघा मुडपला. त्यानं मला धरलं, मी आखूड नळीवर कललो आणि आम्ही दोघंही फरशीवर आलो. चहा त्याच्या शर्टभर.

हॉल आधी हसला, मग पुढे धावला. "खुर्ची आणा," कुणीतरी म्हणालं. खुर्ची नव्हतीच. त्याला मंचाच्या पायरीवर बसवलं.

"काका, आधी सांगायचं नाही का?" अध्यक्ष म्हणाले. मोठ्यांची ही नेहमीची तऱ्हा. खड्डा आपण खणायचा आणि पडणाऱ्याला विचारायचं, तुला दिसत नव्हतं का?

बाईंनी आपल्या रुमालानं त्याचा शर्ट पुसला. वाईट नव्हत्या त्या.

"गुडघ्यांचं कधीपासून?"

"थोडंसंच आहे."

"आधी बरे व्हा, काका. मग बघू."

तो भिंत धरून गेला.

आता मी जिन्याखाली पडलोय, एक पाय वाकलेला, अंगावर रंगाचे रिकामे डबे. वर 'मोकळी संध्याकाळ' चालूच आहे. हल्ली म्हणे ओळख देताना एकमेकांकडे चेंडू फेकतात. जिन्यावरच्या पावलांत कठडा धरून घासत पडणारं त्याचं पाऊल ऐकू येतं का, म्हणून मी कान देऊन असतो. परवा दोन फरशीवाले इथे बोलत उभे होते.

"ते काका दिसत नाहीत रे हल्ली."

"ते पडले ते? त्यांना कोण घेतंय आता."

तुम्ही असा कार्यक्रम ठेवणार असाल तर खुशाल खेळा, पोट धरून हसा. फक्त एखादा 'राहू दे' म्हणाला, तर त्याला राहू द्या. माझं मागणं एवढंच.

त्याला ते काम मिळालं नाही. नंतर दुसरंही कुणी दिलं नाही.