सोळा नाकं

शीतगृहात गारवा ठेवणारा विषारी अमोनिया वायू गळला तर कळावं म्हणून सोळा यंत्रं बसवली होती. सगळे त्यांना नाकं म्हणायचे. त्यांची खबर वरच्या काचेच्या खोलीत पडद्यावर यायची, आणि पडद्यापुढे बसायची थोरली. खाली हॉलमध्ये तिची धाकटी जाऊ चिंगी तीसेक बायांबरोबर गोठलेले वाटाणे पिशव्यांत भरायची. हॉलच्या दोन्ही अंगांना, पूर्वेला आणि पश्चिमेला, अमोनियाच्या नळांचे बोळ होते. बाहेर पडायचं तर त्यातल्या एकातूनच.

गेल्या आठवड्यात बाहेरून कुणीतरी यंत्रणेत शिरलं आणि नाकांना खोटं बोलायला लावलं. तीन नाकं ओरडली की भोंगा आपोआप वाजायचा. बाया चारदा धावत बाहेर गेल्या, चारदा हसत आत आल्या. साहेब वैतागले. "आता नऊ नाकं ओरडल्याशिवाय भोंगा नाही. आणि बाई, हाताने वाजवाल तर खात्री करून. नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

आज सकाळी साडेदहाला पूर्वेच्या बोळातलं पहिलं नाक ओरडलं. मग दुसरं. जरा वेळाने तिसरं, चौथं. बाकीची बारा शून्यावर. सगळं ठीक असल्याचं सांगणारा यंत्रणेचा हिरवा दिवा मजेत होता.

थोरली पडद्यावर वाकली. मागच्या वेळी खोटी नाकं एकदम ओरडली होती, एक या टोकाचं तर एक त्या. ही चौघं ओळीने बोलत होती, पंख्याचा वारा जाईल तशी. आणि पाचवं? ठार शून्य. खरं नाक असं कधी बसत नाही, थंडीने का होईना, थोडं हलतंच. इथे बाराच्या बारा मेल्यासारखी एका आकड्यावर. म्हणजे नऊचा आकडा साहेबांनी लावलाच नव्हता. यंत्रणेत शिरलेल्याने त्यांच्याकडून तो लावून घेतला होता, आणि आता बारा नाकं गप्प केली होती, म्हणजे नऊ कधी भरणारच नाहीत.

तिने बटण दाबलं. भोंगा किंचाळला. हॉलच्या कॅमेऱ्यात एकही बाई हलली नाही.

"चिंगे, बाहेर पडा सगळ्या!" ती माईकवर ओरडली.

"ताई, औषध दे गं तुझ्या नाकांना, रोजची सर्दी!" खालून चिंगीचा आवाज आला. बाया खिदळल्या.

एरवी थोरलीकडे उत्तर तयार असायचं. आज तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "चिंगे, तुझ्या पाया पडते गं."

हसणं थांबलं. थोरली जाऊ धाकटीच्या पाया पडते, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. चिंगीने हातातली पिशवी खाली ठेवली. "कुठल्या दाराने?"

पूर्वेला वायू होता. पश्चिमेची नाकं सांगत होती, हवा स्वच्छ आहे. पण खोटारड्यांच्या भरवशावर तीस जणींना पाठवायचं कसं? भरवशाचं नाक आता एकच उरलं होतं, आणि ते घरचं होतं.

"पश्चिमेच्या," थोरली म्हणाली. "तू एकटी पुढे हो. दार बोटभर उघड आणि हुंग. डोळे चुरचुरले तर लगेच लाव."

एक हात मागे धरून चिंगीने बायांना थोपवलं, दार किलकिलं केलं आणि फटीला चेहरा लावला. कॅमेऱ्यात फक्त तिची पाठ दिसत होती. पाठ हलेना. थोरलीने पडद्यावर तळहात टेकला.

"काही नाही, ताई! चला गं!"

बाया धावल्या. दार धरून चिंगी एकेकीला ढकलत होती. पूर्वेच्या दाराखालून पांढरी वाफ हॉलमध्ये शिरली, वाटाण्यांच्या टेबलापर्यंत आली. अजून सहाजणी आत होत्या आणि चिंगी दार सोडत नव्हती.

"चल ना गं, चिंगे," थोरली माईकवर म्हणत राहिली, "चल ना."

सहावीच्या पाठीमागून चिंगी बाहेर पडली आणि दार लागलं. हिरवा दिवा तसाच जळत होता.