ताईत आणि केसातली पिन

बिघडलेल्या गाड्यांवर मंत्र टाकणाऱ्या किकबाबांनी ताईत मोटरसायकलच्या पोटाखाली धरला, डोळे मिटले आणि हात काढून घेतला. ताईत पडलाच नाही. आमच्या अंगणात जमलेली गर्दी अवाक झाली. "आपोआप चिकटला," शेजारीण म्हणाली आणि तिने हात जोडले.

गाडी माझ्या दादाची. तो आजारात गेल्यापासून वहिनीच ती चालवायची. ती रक्त तपासते ते रुग्णालय गावाबाहेर आहे, आणि सकाळच्या पाळीला दुसरं वाहन मिळत नाही. हल्ली गाडी हट्टाला पेटली होती. सुरू व्हायची, पण गिअर टाकला की बंद. आईने किकबाबांना बोलावलं.

"गेलेला जीव अडलाय," बाबा नाकातून बोलले. "बायकोने गाडी उडवत हिंडावं, हे त्याला पटत नाही. धाकट्याला द्या. आणि ताइताला बाईचा हात लागला तर पॉवर उतरेल." बाबांच्या मंत्राला इंग्रजीचंही वावडं नव्हतं.

वहिनी दारातून म्हणाली, "मिस्त्री म्हणाला, स्टँडपाशी स्विच असतो, तो एकदा बघून..."

"सगळे स्विच वरच्याच्या हातात असतात," बाबा म्हणाले. लोक हसले. मीही हसलो. एरवी अशा बाबांची टर उडवणारा मी. पण गाडी मला मिळत होती.

"आणि मी कामावर कशी जाऊ?" वहिनीने विचारलं. मी टाकीवरची धूळ पुसत राहिलो.

आई मागे बसली. मी गिअर टाकला, गाडी बंद पडली नाही, आणि जयघोषात आम्ही निघालो. पहिल्याच डाव्या वळणावर खाली काहीतरी खरडलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर आपटलो. आईचं मनगट मोडलं.

रुग्णालयात आई कण्हत म्हणाली, "माझ्या लेकाचा राग अजून गेला नाही गं."

वहिनीने पडलेल्या गाडीचा ताईत काढून आणला होता. तो तिने चादरीवर ठेवला, केसातली पिन काढून जवळ धरली. पिन टचकन चिकटली. मग तिने कात्रीने ताइताचं कापड उसवलं. आत बटणाएवढा चुंबक होता.

"भाऊजी, स्टँडमध्ये असाच एक चुंबक असतो. स्टँड वर गेला की तो स्विचसमोर येतो. आपल्या गाडीचा गळून पडलाय. त्यामुळे स्टँड वर असला तरी गाडीला खालीच वाटायचा, आणि गिअर टाकला की ती बंद पडायची. स्टँड खाली ठेवून कुणी निघू नये, म्हणून केलेली सोय आहे ती. बाबाने स्विचवर चुंबक लावून तिला गप्प केलं. आज तुम्ही स्टँड वर करायला विसरलात, आणि गाडीने तुम्हाला थांबवलं नाही."

आईने बऱ्या हाताने तोंड झाकलं. "मग तो तुला अडवत नव्हता?"

"ते कशाला अडवतील, आई? गाडी शिकवली त्यांनीच."

शरमेने माझी मान वर होईना. बाबाने फसवलं हे खरं, पण मी फसलो तो माझ्या सोयीने. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी वाकून बघा, तो कुठे चिकटलाय. आणि त्यात आपला फायदा किती, तेही बघा.

मी गाडीची किल्ली वहिनीच्या हातात दिली. तिच्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.