नदीकडचा व्हॉल्व्ह

तिरुप्पूरच्या त्या कारखान्यात कापड रंगवून उरलेलं पाणी बाहेर सोडत नसत, गाळून पुन्हा रंगाईला वापरत. गाळणीचं यंत्र पोन्नरसी सांभाळायची. त्या दुपारी गाळणीचा पंप जळाला आणि बघता बघता लाल पाण्याची टाकी काठोकाठ भरली.

मालक नल्लसामी धावत आले. "अक्का, नदीकडचा व्हॉल्व्ह उघड. नवा पंप येईपर्यंतच."

"मालक, खाली माझं माहेर आहे. हेच पाणी त्यांच्या विहिरीत उतरतं."

"मग रंगाई बंद करू? माल आज गेला नाही तर सगळ्यांना घरी बसवावं लागेल. तूच सांग त्यांना!"

दारात कामावरच्या बायका जमल्या होत्या. त्यांत तिची नणंद सेल्वीही होती. "उघड की गं वहिनी! माहेरच्या विहिरीपायी आमच्या चुली विझवतेस काय?"

लोक म्हणतात इकडे आड, तिकडे विहीर. पोन्नरसीची तर विहीर माहेरची होती आणि आड सासरचा. टाकीतून पहिला लाल ओघळ भिंतीवर उतरला, तशी ती उठली आणि तिनं रंगाईचं मुख्य बटण बंद केलं. यंत्रं एकेक करत थांबली.

"आता खुशाल बसा घरी," एवढंच बोलून मालक निघून गेले.

पंप येईपर्यंत कुणालाच काम मिळणार नव्हतं. संध्याकाळी नणंद-भावजय एकाच घराकडे निघाल्या. सेल्वी पुढे चालत राहिली. पोन्नरसीनं दोनदा हाक मारली, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.