कोणत्या काठावर

उजव्या तळहातातलं पाणी बोटांमधून गळून तुळशीच्या ओट्यावर सांडलं, तरी मनकर्णाबाईंचा संकल्प पुढे सरकेना.

जंबुद्वीप, भरतखंड इथवर सगळं रोजच्यासारखं आलं होतं. मेरूच्या दक्षिणेला, हेही आलं. पुढे गोदावरीचा उत्तर काठ. केळझरच्या गुरुजींनी शिकवलेला हा पाठ. देवापुढे बसणाऱ्यानं आधी आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते सांगायचं, मग पाणी सोडायचं. हिंगणीच्या या अंगणातला पत्ता बाईंनी देवाला एकही सकाळ न चुकता सांगितला होता. आज गोदावरीपाशी जीभ थांबली.

"काऊन, अडलं का?" ओसरीवरून त्यांच्या नवऱ्यानं, अण्णाजींनी विचारलं. बशीतला चहा त्यांच्या ओठांशीच होता.

"पाणी सांडलं."

"मंग दुसरं घे. नदी का आटली?"

बाईंनी पुन्हा पळीभर पाणी घेतलं. लेक सुरभी आफ्रिकेत, टांझानियातल्या अरुशा गावी होती. दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं होतं. माहेरी येता येत नाही, तर आई, तूच ये, असं ती रोज म्हणायची. पासपोर्ट अण्णाजींनी केव्हाच करून आणला होता. बाईंच्या तोंडून मात्र हो निघत नव्हतं. जंबुद्वीप सोडून गेल्यावर संकल्पात काय म्हणायचं?

दिवेलागणीला फोन यायचा. सुरभी तिकडचे फोटो दाखवायची. तिथल्या उन्हातही बर्फ अंगावर घेऊन बसलेला किलिमांजारो. डोंगर आतून खचून झालेली गोरोंगोरोची प्रचंड परात, आणि तिच्या तळाशी मुंगीएवढे हत्ती. लाल पाण्याचं नॅट्रॉन सरोवर, रोहित पक्ष्यांनी काठोकाठ भरलेलं. त्याच्याजवळच धुमसणारा एक उभा डोंगर होता. मासाई लोक त्याला देवाचा डोंगर म्हणतात हे कळल्यावर बाईंनी फोनलाच हात जोडले. दक्षिणेला पार दूर एक धबधबा होता. त्याच्या तुषारांचा धूर आधी दिसतो, म्हणे, आणि पाणी मागाहून.

दुपारी जप करता करता डोळा लागला, की हे सगळं हिंगणीत यायचं. बोर नदीच्या धरणामागे बर्फाचा डोंगर हळूच येऊन बसायचा. कपाशीच्या पऱ्हाट्यांमधून गुलाबी पक्षी एका पायावर उभे असायचे आणि त्यांना हाकलायचं कुणाच्याच मनात यायचं नाही. जाग आली तरी हातातली माळ फिरतच असायची.

"आई, आमच्या घरामागच्या पहाडाचं नाव मेरू आहे," एका संध्याकाळी सुरभी म्हणाली. "खरंच. अन् आम्ही त्याच्या दक्षिणेले राहतो. आता तं झालं?"

अण्णाजी हसले. "घे. तुह्या मेरूनं पोरीच्या मागंच घर बांधलं."

बाईंनी नमस्कार केला. मग म्हणाल्या, "नावानं का होते, बाई. नदी कोणती? अन् तुमी तिच्या कोणत्या काठावर?"

"आहे एक छोटी. काठ कोण पाहत बसते, आई?"

"काठ मालूम नाई, तं मी देवाले सांगू का?"

तेवढ्यात फोनच्या पडद्याच्या कडेनं पाण्याचा गिलास धरलेला एक हात आत आला. बाई उठल्या. "दूध उतू जाईन," म्हणून आत गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

तो हात जावयाचा, रोशनचा. तो नाचणगावचा, बौद्ध घरचा. वर्ध्याला दोघांचं रजिस्टर लग्न झालं, तेव्हा अण्णाजी एकटेच गेले होते. बाईंची एकादशी होती. तेव्हापासून त्या रोशनशी वाईट बोलल्या नव्हत्या. बोलल्याच नव्हत्या.

"खरं सांगशीन?" जेवताना अण्णाजींनी विचारलं. "नदीचंच आडलं हाये का?"

बाईंनी समईतली वात गरज नसतानाच पुढे सारली. ज्योत मोठी झाली, काजळी धरू लागली, मग त्यांनीच ती मागे ओढली.

रविवारी अण्णाजी वावरात गेले आणि फोन घरीच राहिला. दुपारी तो वाजला. पडद्यावर एकटा रोशन होता, घामाघूम.

"आई, सुरभी झोपली आहे. बरी आहे, घाबरू नका. फोन ठेवू नका फक्त."

बाईंनी दुधाचं म्हणायला तोंड उघडलं, पण त्यानं फोन फिरवला होता. वाहतं पाणी दिसलं, केळीची झाडं, दगडांवर कपडे धुणाऱ्या दोन बायका आणि सगळ्यांच्या मागे ढगात अर्धा बुडालेला मेरू.

"ही थेमी नदी. पहाडातून निघून दक्षिणेले जाते. नकाशात आपलं घर पश्चिम काठावर दिसे. पण एका जागी ही वळते, तिथं मले समजून नव्हतं राह्यलं. म्हणून सकाळपासून काठाकाठानं चालत आलो."

"सकाळपासून?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"हो. पश्चिमच आहे." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मी हे मानत नाई, आई. पण तुम्हाले चुकीचं सांगू नये, एवढंच."

धुणाऱ्या बाईनं मान वर करून त्याला काहीतरी विचारलं. दुसरी हसली.

"का म्हणून राह्यली ते?"

"म्हणते, एवढा फिरून राह्यला, तुही गाय हरवली का?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआडून त्यांनी त्याला नीट पाहिलं. कपाळ उन्हानं रापलं होतं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती.

"थंडी लागते का जी तिथं?"

"सकाळची लय लागते. स्वेटर आणजा." बोलून त्यानं जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "दोन आणजा. एक लहान."

"पोटातल्या लेकरासाठी नवं आणत नसते," बाई रागावल्यासारख्या म्हणाल्या. "त्याले पह्यलं जुनेर लागते, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आईनं सांगतलं नाई का तुमाले?"

"नाई."

"मंग विहीणबाईले फोन करा. एक जुनं लुगडं काढून ठेवजा म्हणा." बाईंनी पदर नीट केला. "मी येतो म्हणा नाचणगावले. चार घटका बसीन अन् ते घेऊनच तिकडं येईन."

रोशनचा फोन खाली झुकला होता, आणि पडद्यावर बराच वेळ नुसतं पाणी वाहताना दिसत राहिलं.