चटणीच्या पाकिटावरचा पत्ता

कारळाच्या चटणीचा खमंग वास जिन्यापर्यंत उतरला होता. सावेडीत उत्तमरावांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहून जयमालाने धंदा जमवला होता. आता दुकानदार माल ठेवायला तयार होते, फक्त पाकिटावर पत्ता हवा होता.

"आमचाच टाका की, ताई," घरमालक उत्तमराव आपण होऊन म्हणाले होते. मग सहज विचारल्यासारखं, "गाव कुठलं तुमचं? शेवगावकडं? कुठल्या आळीत?"

आळी विचारणाऱ्याला आळी नको असते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. जयमालाने सरळ सांगितलं, "भीमनगर."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई वर आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. एरवी त्या थेट स्वयंपाकघरात येऊन चटणीची चव बघायच्या.

"पत्त्याचं तेवढं राहू द्या. आमी मानत न्हाई हो, पन लोकं नावं ठेवत्यात."

"आम्ही मानत नाही" या तीन शब्दांनी जेवढी दारं बंद केली, तेवढी उघड उघड मानणाऱ्यांनीही केली नसतील. चीड येते ती याचीच.

संध्याकाळी नवरा सचिनही तेच म्हणाला. "स्नेहलच्या दुकानाचा पत्ता टाक, मैत्रीणच हाय तुजी. आडनाव गाळ. पाकीट वाचून लोकं मालकाला बोलली आन ही खोली गेली तर परत दारोदार हिंडायचं का? आडनाव सांगितलं की खोली भरलेली असती, इसरलीस का?"

"न्हाई इसरले. पन कुटायचं मी आन नाव-गाव लपवायचं?"

तिने गावाकडे आईला फोन लावला. "आई, आपल्या घरचा पत्ता छापू का? परत आलेला माल, पत्रं, समदं तिकडं यील."

"छाप की," भामाबाई म्हणाल्या. मग, "पन भीमनगर वाचून घेत्याल का गं लोकं?"

"न घेनाऱ्यांनी न घ्यावं."

लेबलं छापून आली: जयमालाचं पूर्ण नाव, खाली भीमनगर आणि गाव. चार दुकानदारांपैकी एकाने माल ठेवला. बाकीचे म्हणाले, चव एक नंबर, फक्त पत्ता बदलता आला तर बघा. तिने बदलला नाही. खोलीही आज ना उद्या जाईल, हे तिला कळतं आणि तिची रात्रीची झोप उडते.

ती पाकिटं त्या एका दुकानात अजून मांडलेली आहेत. तुम्ही एखादं उचलाल, उलटं करून पत्ता वाचाल. त्यानंतर तुमचा हात पिशवीकडे जातो की फळीकडे, हे समोर बसलेला दुकानदार रोज बघतो आहे.