लोहाराच्या सुनेच्या अंगातलं लोह

लोहाराच्या घणाचा दणका असा, की दोन गल्ल्या पलीकडच्या कोंबड्या दचकून वेळेआधीच अंडी घालत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. अशा माणसाला नर्सबाईंनी तोंडावर सांगितलं, "बाबा, तुमच्या सुनेच्या रक्तात लोह कमी आहे. हिमोग्लोबिन जेमतेम आठ. असंच राहिलं तर बाळंतपण तिच्या जिवावर बेतेल, आणि बाळालाही आईकडून लोह कमीच मिळेल."

लोहाराचे कान लालबुंद झाले. "लोहाराच्या घरात लोखंड कमी?"

"घरात ढीगभर असेल हो. अंगात नाही." नर्सबाई सुनेकडे वळल्या. "गोळ्या घेतेस ना गं?"

"रोज. बाबाच हातावर ठेवतात."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर!" लोहारानं छाती फुगवली. "भट्टीवर तासभर उकळलेला. चमचा उभा राहतो त्यात!"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गोळीतलं लोह तो चहाच अडवून धरतो! गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा दोन तासांनी."

म्हणजे तीन महिने लेकीसारख्या सुनेचं लोह आपणच पळवत होतो! घरी येताच लोहारानं किटली ऐरणीवर ठेवली आणि एका घावात तिची थाळी केली.

"अहो बाबा, दोन तासांनी चालतो म्हणाल्या ना त्या!"

"मला कुठं घड्याळ कळतं? गोळी घे."

आठ आठवड्यांनी नर्सबाईंनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. अकराच्या वर!

बाळंतपणाच्या दिवशी दाराआडून बाळाचा टाहो ऐकू आला आणि लोहाराचा मुलगा ओरडला, "नाळ कापली का?"

"थांबा!" आतून नर्सबाई म्हणाल्या. "नाळेतून अजून रक्त बाळाकडे जातंय. दोन मिनिटं."

"आणखी दोन मिनिटं?"

"गप रे!" लोहारानं त्याला दटावलं. "पुरतं तापल्याशिवाय भट्टीतून काही बाहेर काढतोस का कधी?" आणि जेवणाच्या ताटासाठीही कधी न थांबलेला तो माणूस श्वास रोखून उभा राहिला.

नात आली ती निखाऱ्यासारखी लाल. आई थकलेली, पण हसत होती. नातीनं आजोबांचं बोट असं आवळलं, की ते सोडवायला नर्सबाईंना मदतीला यावं लागलं.

आता लोहार रोज सकाळी किटलीच्या त्या थाळीत लिंबं घेऊन निघतो. गल्लीत कोणी गरोदर असली, की तिचं दार घणासारखं वाजतं.

"गोळी घेतलीस का गं? आणि तो कप आधी खाली ठेव!"